गुलाबाला बांधलेला धागा

सोमवारी हे गेले. काल त्यांच्या टेबलाच्या खणात पांढऱ्या लोकरीचा धागा सापडला आणि पिंपरीच्या कारखान्याच्या वसाहतीतला आमचा गुलाब आठवला. पुण्याच्या प्रदर्शनासाठी राखलेली कळी आदल्या दिवशीच उमलू लागली, म्हणून ह्यांनी पाकळ्यांभोवती हलकेच धागा गुंडाळला. परीक्षणाआधी तो काढायचा असतो. मांडवात ओल्या पोत्यांचा वास येत होता. परीक्षक शेजारच्या टेबलापाशी आले, तरी ह्यांचा हात धाग्याकडे जाईना. "अहो, सोडा आता! बांधलेलं फूल बाद करतील." "सोडलं आणि एकदम फुललं तर गं?" फूल बादच झालं. घरी पेल्यात ठेवून ह्यांनी धागा सोडला. एकही पाकळी हलली नाही. "उगाच घाबरलो," हे म्हणाले. ते झाड पुढे वाळलं. धागा माझ्याकडे आहे.