अंगातला राखणदार

रोहिणखेडच्या शिवारात गुलाबरावांच्या राखणीचा मोठा दरारा. एकदा त्यांनी ज्वारीत शिरलेला चोर काठीने यथेच्छ झोडपला. तोंडावरचा पटका सुटला, तर निघाला त्यांचाच नवा जावई!

त्रेसष्ट साली त्यांना बांधावरच मिरगीचं फेफरं आलं. राखण सुटू नये म्हणून मिरगीवरची गोळी सुरू केली, तर तिसऱ्या आठवड्यात ताप चढून अंगभर लाल पुरळ उठलं. घरच्यांनी गोवर समजून उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला, गोळी चालूच! तोंड आतून सोलवटलं, तेव्हा जनकाबाईंनी नवऱ्याला नांदुऱ्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

"गोवर नाही, गोळी बंद!" डॉक्टर म्हणाले. "रोगाशी लढणाऱ्या अंगातल्या पहारेकऱ्यांनी गोळीलाच चोर समजून काठ्या चालवल्या. मार बसला तुमच्याच कातडीला. ते चेहरा विसरत नाहीत. ही पुन्हा घेतली, तर जिवावर बेतेल."

"मंग माही राखण?"

"दुसऱ्या जातीची गोळी देतो."

जनकाबाई पदराआड हसल्या. "पहारेकरी मालकावरच गेले म्हना की!"

आता जावई बांधावरूनच ओरडतो, "मामाजी, मी आहो!" गोळीला काही ओरडता येत नाही. म्हणून तिचं नाव लिहिलेली चिठ्ठी गुलाबराव बंडीच्या खिशात बाळगतात आणि साध्या खोकल्यालाही डॉक्टरांपुढे आधी तीच धरतात.