अडलेला बुधवार

घरात ते दादा आणि भाजीच्या घाऊक बाजारात भोंगा. पहाटे उलट्या खोक्यावर उभे राहून त्यांनी लिलाव पुकारला की पलीकडच्या गल्लीत झोपलेला माणूस कोबीचा भाव कळूनच जागा व्हायचा. त्याच बाजारात त्यांचा धाकटा भाऊ वजनकाट्यावर होता. दादांच्या वाट्याला सगळा आवाज आला आणि धाकट्याच्या वाट्याला अडखळणं. एखाद्या शब्दापाशी त्याचे ओठ थांबायचे, मान किंचित हलायची आणि शब्द काही बाहेर यायचा नाही.

पण दादा होते ना! गिऱ्हाइकानं बोट दाखवायच्या आत माल काढणाऱ्या दुकानदारासारखे ते पुढचा शब्द हजर करायचे. माल बरोबर असेलच असं नाही. एकदा डॉक्टरांनी विचारलं, काय दुखतंय? धाकटा म्हणाला, "क... क..." "कंबर!" दादा म्हणाले. बिचारा कंबरेला मलम चोळून घेऊन घरी आला आणि रात्रभर दुखरा कान धरून बसला. ही गोष्ट दादा चारचौघांत हसत हसत सांगायचे. धाकटाही हसायचा.

यंदा धाकटा निवृत्त होणार होता. शनिवारी बाजारातच निरोपसमारंभ ठरला. काटा पुसता पुसता तो म्हणाला, "दादा, श... शनिवारी भाषण मी... मी..."

"'मी काय करणार, तूच कर', असंच ना! अरे, हे काय सांगायला हवं? तयारच आहे माझं."

धाकट्यानं फडकं पुन्हा एकदा काट्यावरून फिरवलं. काटा तर कधीचाच लखलखत होता.

त्याच आठवड्यात दादांना धाकट्याच्या मुलीचा फोन आला. ती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मेंदू आणि बोलणं यांचा अभ्यास करायची. तिला प्रयोगासाठी निरोगी माणसं हवी होती.

"मेंदू हवाय म्हणाली ना ती?" दादांच्या बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं. "मग तुम्ही कशाला चाललात?"

प्रयोगशाळेत दादांना दातांच्या दवाखान्यासारख्या खुर्चीत बसवलं. डोक्यात धातूचा तुकडा नाही ना, छातीत यंत्र नाही ना, कधी फिट आली होती का, हे सगळं पुतणीनं पुन्हा विचारून घेतलं. मग इंग्रजी आठाच्या आकाराचं एक वेटोळं तिनं त्यांच्या डोक्याला टेकवलं.

"काका, यात क्षणभर जोराचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते कवटीतून आत जातं आणि तिथे बारीकसा विद्युतप्रवाह उठतो. त्यानं मेंदूतल्या पेशी जाग्या होतात. कुठे काही कापायचं नाही, टोचायचं नाही."

टक् असा आवाज झाला आणि दादांचा उजवा अंगठा टुणकन उडाला. त्यांनी तर उडवला नव्हता! पुन्हा टक्, पुन्हा अंगठा.

"अगं, अंगठा माझा, मग ही बोली कोण लावतंय?"

पुतणी आणि यंत्राजवळच्या टेक्निशियन बाई, दोघीही हसल्या. पुतणी म्हणाली, "अंगठ्याच्या पेशींना हुकूम गेला, इतकंच. आता बोलण्याच्या जागी ठोके देते, एकामागून एक. तिथल्या पेशी पाळीपाळीनं एकमेकींना निरोप देत असतात. ऐन लिलावात सगळी गिऱ्हाइकं एकदम ओरडली तर तुमचा भाव कुणाला कळेल? तसं काहीतरी होईल, क्षणभरच. वारांची नावं म्हणा."

"सोमवार," दादा बाजारी सुरात म्हणाले, "मंगळवार..."

टक टक टक टक. बुधवार समोर उभा होता, अगदी स्पष्ट, धुऊन-पुसून. दादांनी तोंड उघडलं. जीभ ओल्या पोत्यासारखी पडून राहिली.

"बुधवार," टेक्निशियन बाईंनी मायेनं मदत केली.

ठोके थांबले. दादा उसळले, "मला माहीत आहे बुधवार! तुम्ही कशाला सांगता? आलाच होता ना तो!"

बाई ओशाळल्या. दादा मात्र तोंड उघडं ठेवून समोरच्या काचेत बघत राहिले. हा चेहरा त्यांनी पाहिला होता. जन्मभर पाहिला होता, काट्याच्या पलीकडे.

"तुझ्या बाबांचं... असंच होतं का गं?"

"असंच नाही. त्याची कारणं वेगळी. पण शब्द आत तयार असतो काका, तो कुणी आणून द्यावा लागत नाही."

दादांनी मान खाली घातली. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या, आणि तो काही यंत्राचा परिणाम नव्हता. कंबरेची गोष्ट आपण किती जणांना सांगितली, ते त्यांना आठवू लागलं.

शनिवारी अध्यक्षांनी दादांचं नाव पुकारलं. दादा बसल्या जागेवरून म्हणाले, "भाषण त्याचं आहे." बाजार चकित झाला. धाकटा उठला. त्यानं एकदा दादांकडे पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि सुरुवात केली.

"दादानं मला क... कधी..."

शब्द अडला. सवयीनं सगळ्या माना दादांकडे वळल्या. कांद्याच्या व्यापाऱ्यानं त्यांना कोपर मारलं, "सांगा ना, भोंगा!" दादांच्या जिभेवर वाक्य तयारच होतं: कधी एकटं पडू दिलं नाही. किती छान वाक्य! त्यांनी उजवा अंगठा मुठीत आवळून धरला.

"...कधी वाक्य पु... पुरं करू दिलं नाही."

बाजार खदखदून हसला. दादाही हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. धाकटा पुढे बोलत होता. काट्याबद्दल, ओल्या पालेभाजीच्या वजनाबद्दल, नवऱ्याला न कळू देता रोज एक भोपळा कमी तोलायला लावून त्याचे पैसे स्वतःसाठी साठवणाऱ्या एका भाजीवाल्या बाईबद्दल. थांबत थांबत, पण काय बहारीचं! एवढं सगळं याच्याजवळ होतं आणि आपण त्याला कंबर देत बसलो.

कार्यक्रम संपला, खुर्च्या उचलल्या जाऊ लागल्या. धाकटा जवळ आला. "क... क..."

दादा थांबले.

"कसं झालं?"

दादांनी तोंड उघडलं. शब्द होते, ढीगभर होते, पण एकही बाहेर पडेना. डोक्याला कुठलं वेटोळंही नव्हतं.

धाकटा समोर उभा राहिला. त्यांच्या तोंडाकडे बघत, काट्याची सुई स्थिर होईपर्यंत थांबायचा तसा.