गाडीवयनीचा पहिला प्रश्न

प्रिय अनय आणि मीरा,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, या वेळी विमानतळावरून गाडी आम्हीच मोबाइलवर बुक करू का?" मी म्हटलं, नको, दाजी येईल. मग मीराने विचारलं, "आणि ती केळ्यांच्या गाडीतून आलेली आजी?" फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहून पाठवते. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या.

तिला सगळी डिचोली वयनी म्हणायची. वयनी म्हणजे वहिनी. तिचं घर इथून जवळच, सर्वणला. विमानतळावर कुणाला सोडायचं असो वा आणायचं असो, लोक तिला फोन करायचे आणि ती गाडी लावून द्यायची. म्हणून तुमच्या आईने तिची गाडीवयनी केली, आणि तेच नाव राहिलं.

कुणी गाडी मागितली की विमान किती वाजता, माणसं किती, सामान किती, हे ती नंतर विचारायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "घरात मागे कोण रवता?" मागे घरी कोण राहणार आहे? नवख्या माणसाला वाटे, ही बाई गाडी लावते की चौकशी करते? मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. तुमची आई शिकायला टोरांटोला निघाली तेव्हाची ही गोष्ट. मी जरा तुटकपणे म्हटलं, "आम्ही दोघं राहणार. पण आम्ही विमानतळावर येणार आहोत."

"कित्याक?" वयनी म्हणाली. "काचेच्या भायर उबे रवान करतलास काय, टीचर? काच दिसता, माणूस दिसणा नाय. मगे रिकाम्या गाडीतसून दोघांय गप परत येतलास. त्यापेक्षा घरात रवा. माझो दाजी येऊन सांगतलो."

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून तिच्यासाठी मी कायम टीचर. आजोबांना तिचं म्हणणं पटलं. मला पटलं नाही, पण घरात आजोबांचं आणि बाहेर वयनीचं चालायचं, त्यामुळे मी घरी राहिले.

दुपारी दाजी आला. हा वयनीचा चालक, दोडामार्गचा. पूर्वी खाणीवर टिपर ट्रक चालवायचा. वयनीचे यजमानही त्याच धंद्यात होते. ते गेले, मग खाणी थांबल्या, टिपर जागच्या जागी उभे राहिले आणि त्यांच्या चाकांवर वेली चढल्या. तेव्हा ओळखीच्या चालकांना हाताशी धरून वयनीने हे काम सुरू केलं. तर दाजी आमच्या सोप्यावर बसला, म्हणजे दारापुढच्या दगडी बाकावर, आणि चहाला हात न लावता म्हणाला, "बाय झुवारीच्या पुलापर्यंत बोलली नाय. पुलार रडली. मगे लाडू खाल्ल्यान. आत जाताना म्हणाली, आईक सांग, चष्म्याची डबी फ्रिजवर रवली, ती पोष्टान धाडू नको, माझ्याकडे दुसरी आसा."

एवढं सांगून त्याने चहा घेतला.

 आजोबांनी विचारलं, "पुलावर गाड्यांची गर्दी होती का रे?" आणि स्वतः उठून दाजीच्या कपात आणखी चहा ओतला. मी आत जाऊन फ्रिजवर बघितलं. डबी तिथेच होती.

वयनीचा नियमच होता तो. माणूस सोडून आलेली गाडी आधी त्या माणसाच्या घरी जायची, मग दुसरीकडे. चालकांना तिने बजावून ठेवलं होतं, "खोटा सांगू नको. रडला तर रडला म्हणान सांग. पण शेवटाक काय बोलला ता सांगल्याबगर चाय पिऊ नको." जाणारा माणूस शेवटी काही मोठं बोलत नाही, असा तिचा अनुभव होता. कुणी गॅसचं बटण आठवतो, कुणी कुत्र्याचं औषध. मोरजीच्या एका मुलाने जाताना निरोप धाडला होता, माझ्या खोलीत कोंबड्यांना घेऊ नका. त्याच्या आईने तो निरोप ऐकला आणि हसता हसता तिला रडू आलं, असं चालकाने वयनीला येऊन सांगितलं. वयनी म्हणाली, "बरा झाला. नुसती रडली असती तर जेवली नसती."

तिचा मुलगा सुदेश इंग्लंडला गेला, तेव्हाही दाजीच सोडायला गेला होता. तिने स्वतःचा नियम मोडला नाही. घरी बसून राहिली, सोबतीला मी होते. दाजी आला आणि खालमानेने म्हणाला, "वयनी, तो म्हणालो, आयेक सांग, आता तिचो नंबर."

"माझो कसलो नंबर?" वयनी म्हणाली. "मी गेलंय तर गाड्यो कोण लावतलो? चाय पी."

पण ते वाक्य तिच्या घरात राहून गेलं. सुदेशचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, तो दर रविवारी फोन करायचा आणि शेवटी तेच विचारायचा. ती नात वयनीला फोनच्या पडद्यावरच ओळखायची. वयनी पडद्याला हात लावून तिचे गाल पुसायची, मग फोन भलतीकडेच लागायचा. तिला जायचं होतं हे मला दिसत होतं. का जात नाही, ते मात्र ती सांगत नव्हती. आज गुडघे म्हणायची, उद्या गणपतीची चवथ म्हणायची.

आजोबा गेले त्यानंतर तुम्ही सगळे आलात आणि परत निघालात, तेव्हा मी गाडीसाठी फोन केला. तिला सगळं माहीत होतं, तरी तिने विचारलं, "टीचर, मागे कोण रवता?"

"मी एकटीच."

 ती म्हणाली, "मगे दाजी त्या दिसा तुमच्याकडे जेवणाक रवतलो. ताका हुमण आवडता." आणि खरंच, तुम्हाला सोडून दाजी आला आणि मला माशांचं हुमण करावंच लागलं. त्या दिवशी एकटीसाठी मी चूल पेटवली नसती, हे तिला ठाऊक होतं.

आता केळ्यांच्या गाडीची गोष्ट. मोपाचा विमानतळ नुकताच सुरू झाला होता. तुमचं विमान तिथे उतरणार होतं, हे तुमच्या आईने मला सांगितलं, मी वयनीला तारीख आणि वेळ सांगितली, वयनीने दाजीला. पण कुठला विमानतळ, हे आमच्यापैकी कुणीच बोललं नाही. जन्मभर विमानतळ एकच होता. दाजी सवयीने जुन्या विमानतळावर, दाबोळीला गेला. तुमची आई फोनवर म्हणत होती, "आई, मी दारातच उभी आहे, गाडी नाही." दाजी म्हणत होता, "टीचर, मी दारातच उबो आसंय, बाय नाय." दोघंही खरं बोलत होती.

उलगडा झाला तेव्हा दाजीला दाबोळीहून मोपाला यायला फार वेळ लागला असता. वयनीने शेजाऱ्याची पिकअप थांबवली. त्यात म्हापशाच्या बाजारासाठी केळ्यांचे घड भरलेले होते. ती तशीच पुढे चढून बसली आणि मोपाला निघाली. अनय, तू मागे घडांमध्ये बसायचा हट्ट धरलास आणि मीरा वयनीच्या मांडीवर झोपली, हे तुमची आई अजून सांगते. पाठोपाठ सामानासाठी वयनीने कुणाची तरी रिक्षाही आणवली. वयनीचं माहेर हळर्णचं, आते मोपाजवळ दिलेली. आता विमानतळ आहे त्याच सड्यावर, म्हणजे माळावर, लहानपणी ती आतेबरोबर गुरं घेऊन जायची. त्या दिवशी काचेची ती मोठी इमारत बघून ती तुमच्या आईला म्हणाली, "हय आमची गुरा चरत होती गो. हय विमान उतारता म्हणान माझ्या मनात येवूकच नाय."

आम्ही सगळे हसलो. तीही हसली. पण आमच्या दारात उतरली तेव्हा तिने माझा हात धरला. "चूक माझी, टीचर. पोरा उनात रवली." मी म्हटलं, चूक सगळ्यांची. ते तिला पटलं नाही. तेव्हापासून ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारू लागली. फोन ठेवल्यावर पुन्हा फोन करायची, "मोपा मां? दाबोळी नाय मां?" हळूहळू तिने गाड्यांचा फोन दाजीच्या हातात द्यायला सुरुवात केली. सुदेशला तिने "चवथ जावंदे" म्हणणंही सोडलं.

एक दिवस ती माझ्याकडे आली, मोबाइल पुढे धरून. सुदेशने तिकीट पाठवलं होतं. मी चष्मा लावून वाचलं. "मोपा," मी म्हटलं.

"दोनदा बगा."

"दोनदा बघितलं." मग मी तिलाच तिचा प्रश्न विचारला. "वयनी, मागे कोण राहतंय?"

 ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "म्हणान तर पाय उचलणा नाय," ती म्हणाली. "माका सोडून दाजी येयत, आणि सांगतलो कोणाक? कुलपाक?"

इतकी वर्षं ती गुडघे आणि चवथ सांगत होती, त्यामागे हे होतं. मी म्हटलं, "माझ्याकडे येऊ दे त्याला. मी राहते मागे."

"तुमी माझ्या कोण, टीचर?" तिने डोळे पुसत चेष्टेने विचारलं.

"कोण ते तुझ्या चालकांना विचार. हुमण मी करते."

ती गेली त्या सकाळी मी विमानतळावर गेले नाही. सर्वणला तिच्या दारात उभी राहून "येतंय हां" एवढं ऐकलं आणि घरी येऊन वाट बघत बसले. दाजी आला, सोप्यावर बसला. मी चहा ठेवला. त्याने हात लावला नाही.

"रडली का रे?"

"रडली. खोटा सांगणा नाय. धारगळाक रडली, मगे गप झाली. सड्यार गाडी चडली तेवा गुरांची वाट खय होती ती माका दाखवल्यान." मग तो म्हणाला, "आत जाताना म्हणाली, टीचरांक सांग, पोदेराक सांगूक इसारलंय. तो उद्या उंडे ठेवून जायत. तेंका कावळे खातीत."

पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, आणि उंडे म्हणजे आपले ते गोल कडक पाव, जे मीरा दुधात बुडवून खाते. मी दाजीला म्हटलं, मग सांग त्याला, बंद कर म्हणून.

"बंद कित्याक?" दाजी म्हणाला, आणि चहाचा कप उचलला. "सकाळची गाडी सोडून येणारे आमी तिच्याच सोप्यार बसतंव. चाये वांगडा उंडे खावक लागतले."

वयनी आता तिकडेच आहे. नातीला कडेवर घेतलेला तिचा फोटो सुदेशने मला पाठवला आहे. ती परत येईल की नाही, ते मला माहीत नाही, आणि मी विचारत नाही.

तुमची गाडी मोपाला येईल, मी दोनदा सांगितलं आहे. फोन आता दाजी घेतो आणि आधी मागे कोण राहतंय तेच विचारतो. सर्वणला तिच्या दारात रोज सकाळी उंडे येतात. तुम्ही परत जाल त्या दिवशी दाजी माझ्याकडे जेवायला आहे.

तुमची,
आजी