त्याच्या तळव्यांखालची शांतता

अमेरिकेतल्या आमच्या विद्यापीठात, स्टेडियमच्या फाटकाशी मी मेसमधल्या बायकांच्या पगारवाढीची पत्रकं वाटत होते. ओरडून घसा बसला, पण कुणी थांबेना. आत आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे डाव चालवणाऱ्या पोरानं, दोन्ही तळवे नुसते खाली केले आणि अख्खं स्टेडियम चिडीचूप झालं. कशासाठी? तर त्याची हाक साथीदारांना ऐकू जावी म्हणून!

"जळतेस ना त्याच्यावर?" माझ्यासोबत पत्रकं वाटणाऱ्या सायलीनं चिमटा काढला.

"जळते! एवढी शांतता मला एकदा तरी मिळू दे."

"अगं, आपल्या सभेत लोक इतके गप्प बसले, तर आपण म्हणू, झोपले."

पुढच्या मोसमात त्याचा गुडघा गेला. स्टेडियम आता दुसऱ्याच कुणाच्या तळव्यांखाली गप्प होतं. एके दुपारी तो कुबड्या टेकत माझ्यापाशी थांबला आणि त्यानं पत्रक मागून घेऊन उभ्याउभ्या सगळं वाचलं. असं वाचणारा तो पहिलाच. मला त्याची कीव यायला हवी होती. पण मी विचारलं, "सगळे गप्प व्हायचे, तेव्हा तू काय ओरडायचास?"

"काही नाही गं, डावाच्या खुणेचे नुसते आकडे," तो हसला.

एवढ्या शांततेत नुसते आकडे! माझा पुन्हा जळफळाट झाला.