सुमीचा हात कुणी ओढला

नागपूर स्टेशनावर मद्रासकडे जाणाऱ्या गाडीत आम्ही बसलो तेव्हा आमच्याजवळ एक ट्रंक होती, एक वळकटी होती आणि यांची मागाची फणी होती, जुन्या धोतरात गुंडाळलेली. सुमी माझ्या मांडीवर झोपली होती. आई खिडकीचे गज धरून उभी. "तिकडं सारं आंबट खातेत म्हणे. पोरीचा घसा सांभाळजो वं," एवढंच तिनं तीनदा सांगितलं. समुद्राबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलणार कशी? अंबाझरीच्या तलावाहून मोठं पाणी तिनं पाहिलं नव्हतं, आणि मीही नाही.

आम्ही हौसेनं गेलो नव्हतो. गोळीबार चौकामागच्या आमच्या गल्लीत निम्मे माग बंद पडले होते. नऊवारी लुगडं नेसणाऱ्या म्हाताऱ्या होत्या तेवढ्या होत्या, नव्या सुनांना पाचवारी पातळ हवं, आणि ते पॉवरलूमवर स्वस्त निघे. माझ्या दादानं माग सोडून कोराडीच्या वीजघरात रोजंदारी धरली. यांना मात्र आंध्राच्या किनाऱ्याकडच्या एका गावात, विणकरांच्या सोसायटीत नवं काम शिकवायला बोलावलं. हे आनंदले. मी रडले. मग ट्रंक भरली.

त्या गावात उतरल्यावर जीव थोडा थाऱ्यावर आला तो मागांमुळे. घरोघरी आपल्यासारखाच जमिनीत खड्डा, विणणारा काठावर बसलेला, पाय खाली खड्ड्यात. बोली कळत नसली तरी खटखट ओळखीची होती. शेजारी नरसम्मा राहायची. विधवा, पन्नाशी उलटलेली, विणकरांना सुताच्या कांड्या भरून देऊन पोट भरणारी. जीभ अशी की कुत्रीसुद्धा तिच्या दारातून वळसा घालून जात. तेलुगु मी तिच्याकडून शिकले, आणि आधी शिव्याच शिकले.

आता जे लिहिते आहे ते मी कित्येक महिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे वैशाखात आंधी सुटली की काय करतात, तुम्हाला ठाऊकच आहे. छपराचे कवेलू उडून डोक्यात पडतात, म्हणून लेकरांना मागाच्या खड्ड्यात बसवायचं आणि वरून गोधडी टाकायची. मी स्वतः तशा खड्ड्यात फुटाणे खात कितीतरी आंध्या काढल्या आहेत. जगात त्याहून सुरक्षित जागा नाही अशी माझी पक्की समजूत होती.

सत्त्याहत्तरची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सूत आणायला हे विजयवाड्याला गेले होते. सकाळपासून वारा होता, पण दुपारी तो जे बोलू लागला ते वाऱ्याचं बोलणं नव्हतं. छपराच्या झावळ्या उपटून निघू लागल्या, ताडाची झाडं वाकून जमिनीला टेकली. मी चार वर्षांच्या सुमीला उचललं आणि मागाच्या खड्ड्यात बसवलं. गोधडी टाकली. ती बाहेर यायला धडपडत होती, म्हणून काठावर बसून एका हातानं तिचं डोकं खाली दाबून धरलं. खरं सांगते, त्या घटकेला मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं. नवरा घरी नाही, तरी बघा कसं सावरून घेतलं.

नरसम्मा दार ढकलून आत आली. "नीळ्ळू, नीळ्ळू," ती ओरडत होती. नीळ्ळू म्हणजे पाणी, हे मला कळत होतं. पण समुद्र दोन कोसांवर, तो उठून घरात कसा येईल? मला वाटलं, पावसाचंच म्हणते आहे. मी मान हलवून खड्डा दाखवला. तिनं वाद घातला नाही. पालथी पडली, आत हात घातला आणि सुमीला दंडाला धरून वर खेचलं. कट्ट असा आवाज झाला. सुमी जी किंचाळली ती किंचाळी अजून माझ्या कानात आहे. मी नरसम्माच्या पाठीत बुक्के मारले. तिनं पोर खांद्यावर टाकली आणि सोसायटीच्या गोदामाकडे धावत सुटली. गावात तेवढीच एक पक्की इमारत, जिना असलेली. मी मागून शिव्या देत पळाले. अर्ध्या वाटेत पाणी घोट्याला लागलं. जिन्यापाशी पोचेतो कमरेला. काळं पाणी, आणि खारट. गच्चीवरून मी वळून पाहिलं तेव्हा आमच्या घराला छप्पर नव्हतं, आणि जरा वेळानं भिंतीही नव्हत्या.

नंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. पाणी ओसरल्यावर जे दिसलं ते लिहिणार नाही. विहिरी खारट झाल्या होत्या. आतल्या गावांमधली अनोळखी माणसं बैलगाड्यांतून भात आणि पिण्याचं पाणी घेऊन येत, नाकाला फडकं बांधून आमच्या माणसांना मूठमाती देत, आणि नाव न सांगता परत जात. हे तिसऱ्या दिवशी चिखल तुडवत आले आणि त्यांनी आधी सुमीला पोटाशी धरलं. मग पेपरात वाचून नागपूरहून माझे बाबा आले, डोक्यावर गल्लीनं गोळा केलेल्या लुगड्यांचं गाठोडं. तिकडच्या बायकांना नऊ वार कशाला हवेत? नरसम्मानं कात्री मागितली आणि एका लुगड्याचं एक पातळ आणि एका पोरीचा परकर असा हिशेब लावला. जन्मभर लुगडी विणलेल्या बाबांनी पहिल्या कातरीला डोळे मिटले. मग दुसरं टोक स्वतःच ताणून धरलं.

खड्डे उपसायला आणि माग उभे करायला हे मागे राहिले. मी सुमीला घेऊन बाबांबरोबर नागपूरला आले. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी हाताला प्लास्टर घातलं. हात जुळला, कोपरात किंचित वाकडा. आईनं विचारलं, "कोनं मोडला वं हात?" सुमी म्हणाली, "नरसम्मानं." मी गप्प राहिले.

त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते. सहा महिने घरात नरसम्मा म्हणजे पोरीचा हात मोडणारी बाई झाली. आई तिच्या नावानं बोटं मोडायची. सुमी जेवली नाही तर "नरसम्मा येईन हं" म्हणायची, आणि सुमी मुकाट्यानं घास गिळायची. मी ऐकत होते. खरं सांगितलं तर लेकराला खड्ड्यात दाबणारी मी ठरत होते. यांची पत्रं येत: माग सुरू झाले, या. दादा म्हणे, "जावयाले कोराडीत लावून देतो. काहून मरायले जाता तिकडं?" मलाही जायचं नव्हतं. रात्री नळ गळला तरी मी उठून बसे.

वैशाखात एका दुपारी आंधी आली. अंगणातली बादली उडाली, कवेलू खडखडू लागले. मी आतून धावत आले तर आई सुमीला बाबांच्या मागाच्या खड्ड्यात उतरवत होती, एका हातात गोधडी. "बस माय, काही नाही होत." सुमी आक्रसून गेली होती, तोंडातून आवाज निघत नव्हता. मी आईचा हात झटकला. जन्मात पहिल्यांदा तिच्या अंगावर ओरडले.

"काय करून राहिली तू? अशीच बसवली होती मी तिले! मीच! ती बाई आली नसती तं बुडून मेली असती पोरगी!"

आई गोधडी घेऊन तशीच उभी. मी भिंतीच्या कोपऱ्यात सुमीला कवटाळून बसले आणि सगळं सांगितलं. डोकं कुणी दाबलं, हात कुणी ओढला, का ओढला. बाहेर कवेलू फुटत होते. आई हळूच येऊन आमच्या शेजारी बसली आणि तिनं सुमीच्या वाकड्या कोपरावरून हात फिरवला. मग सुमीनं विचारलं, "मंग आता नरसम्माले कोन वर नेईन?"

पंधरा दिवसांत आम्ही गाडीत बसलो.

जे घर सोडून दूर गेले आणि जे तिथंच राहिले, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. माझी भीती गेलेली नाही. दर कार्तिकात रेडिओवर वादळाचा इशारा आला की मी हातातलं काम टाकून आधी सुमीला हाक मारते. आता गावात खांबांवर उभी केलेली पक्की इमारत आहे, वारा सुटला की सगळे तिथं चढतात. नरसम्माचे गुडघे गेलेत. एकीकडून सुमी धरते, दुसरीकडून मी, आणि ती प्रत्येक पायरीला आम्हाला शिव्या घालते. आई, तू प्रत्येक पत्रात विचारतेस, घरी कधी येशील. सुट्टीत येईन, तुला भेटायला येईन. पण घरी मी आहेच.