आशीर्वादानंतरच्या आत्याबाई

परमेश्वराने रविवार विसाव्यासाठी नेमून दिला असं शास्त्रात लिहिलं आहे खरं, पण रत्नागिरीपुरता तो त्याने आमच्या आत्याबाईंना हिंडायला नेमून दिला होता, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या. ऐन तरुणपणी वैधव्य आलेलं, पोटी मूलबाळ नाही, म्हणून भावाच्या मुलाला त्यांनीच लहानाचा मोठा केला आणि पुढे त्याचं लग्न माझ्याशी लावून दिलं. सोमवार ते शनिवार त्या अंगणाबाहेर पाऊल टाकत नसत. कोणी हळदीच्या बाजारापर्यंत चला म्हटलं तर गुडघे दाखवत. रविवारी मात्र त्या गुडघ्यांना काय संजीवनी मिळत असे कोण जाणे. पांढरं स्वच्छ लुगडं, पायांत जाड वहाणा, बारा महिने हातात असायची ती काळी छत्री, आणि चाल अशी की मागून येणारा पोस्टाचा माणूस मागेच राही.

आम्ही ख्रिस्ती, आमचं देऊळ मिशनचं. तिथे उपासना सुटली की लगेच घर गाठायची रीत नव्हती. बाहेर उंडीच्या झाडाखाली एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका अशी मंडळी उभी राही. कोणाला ताप आहे, कोणाच्या मुलाची मुंबईहून खुशाली आली, मागच्या रविवारी कोण दिसलं नाही, याची चौकशी होई. चौकशी प्रेमाचीच, पण तिला दात असत. आणि कोणी ठरवून दिलेलं नसलं तरी प्रत्येक सून तिथे आपल्या सासूला लागून उभी राही. पाळकसाहेबांची बायको, आमच्या पाळकीणबाई, एकेका जोडीपुढे थांबत, "सलाम" म्हणत, सासूकडे सुनेची आणि सुनेकडे सासूची विचारपूस करत पुढे सरकत. माझ्यापुढे आल्या की दर रविवारी तेच विचारत, "आत्याबाई कुठे गेल्या?" त्या कुठे गेल्या हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं, तरी माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय कोणाला घरची भाकरी गोड लागत नसे.

त्या जात कशा, हे सांगण्यासारखं आहे. पाळकसाहेबांनी आशीर्वाद द्यायला हात वर केला की आम्ही सगळे डोळे मिटून माना खाली घालायचो. डोळे उघडेपर्यंत आत्याबाई फाटकाशी पोचलेल्या असत. आशीर्वाद चालता चालता अंगावर घ्यायची कला त्यांना साधली होती. एकदा पाळकसाहेबांनी त्यांना गाठायचंच असं ठरवून आशीर्वाद निम्म्यात उरकला, तर डोळे उघडल्यावर सगळ्यांना दिसली ती फाटकावरून पलीकडे जाणारी छत्रीची मूठ. त्यानंतर बिचाऱ्यांनी नाद सोडला.

आता माझं सांगते. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढले. आई आठवत नाही, बाप माहीत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आपलं माणूस म्हणून माझ्या वाट्याला आली ती ही दोन. नवरा शाळामास्तर, त्यातून मंडळीचा पंच, म्हणजे अर्धा गावाचा आणि उरलेला शाळेचा. राहिल्या आत्याबाई. त्या तरी पुऱ्या माझ्या असाव्यात, निदान रविवारी त्या झाडाखाली चार लोकांत माझ्या शेजारी उभ्या असाव्यात, असं मला वाटलं तर त्यात वावगं काही नव्हतं असं मी आजही म्हणेन. दर रविवारी माझ्या डाव्या हाताची ती जागा रिकामी दिसली की मला कसंसंच होई.

आत्याबाईंचं म्हणणं असं, की ख्रिस्ती माणसाची खरी परीक्षा उपासनेत होत नाही, उपासना सुटल्यावर होते. "आत सगळे सारखेच झोपतात. बाहेर आल्यावर कोण कसा ते कळतं," असं त्या म्हणत, आणि ही परीक्षा घ्यायला गावातल्या झाडून साऱ्या देवळांच्या दारांत जाऊन उभ्या राहत. साहेबलोकांसाठी महिन्या-दोन महिन्यांनी बोटीने त्यांचा पाद्री येई. त्या दिवशी आत्याबाईंचा पहिला मुक्काम तिथे. फाटकाबाहेर छत्री टेकून त्या सगळं पाहत. तीन साहेब, दोन मडमा आणि एक कुत्रा बाहेर येत, आभाळाकडे बघून काहीतरी पुटपुटत आणि आपापल्या गाडीत बसून जात. त्यांत मनापासून आनंद झालेला दिसे तो एकट्या कुत्र्याला. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की हाही कार्यक्रम बंद पडे. सगळ्यांची परीक्षा झाल्यावर त्यांनी एकदा आमच्या यजमानांना निकाल ऐकवला, "आपली माणसं भेटली की एकमेकांना तपासतात, साहेब एकमेकांना चुकवतात, आणि रोमन लोक तेवढे भेटतात." यजमान पंच असल्याने त्यांना हसता आलं नाही. ते खोकले.

रोमन, म्हणजे कॅथलिक लोकांचं देऊळ खाली बंदराच्या वाटेवर होतं. त्यांचा पाद्री दुसऱ्या गावची मिस, म्हणजे त्यांची उपासना, आटोपून येई, म्हणून त्यांची मिस आमच्या उपासनेनंतर सुटे आणि आत्याबाईंना ती बरोबर सापडे. आत मात्र त्या जन्मात कधी गेल्या नाहीत. मूर्ती, मेणबत्त्या, धूप, नुसतं नाव काढलं तरी कपाळाला आठ्या पडत. समोर रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर देवळाकडे पाठ करून बसत आणि वर आणखी छत्री उघडून मागे धरत, म्हणजे चुकूनही नजर जायला नको. आतून शेवटचं आमेन ऐकू आलं की छत्री मिटे, आणि त्या वळून अशा हसत की जणू आत्ताच बोटीतून उतरल्या आहेत. मे महिन्यात ते लोक रस्त्यावरच्या क्रुसापाशी संध्याकाळची प्रार्थना करून उकडलेले चणे वाटत. तिथेही हाच प्रकार. प्रार्थनेला पाठ, चण्यांना ओंजळ. यजमानांनी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, "प्रार्थना त्यांची आहे. चणे शेतातले आहेत."

देवळाला लागूनच पाववाल्याचं घर होतं. त्याची बायको कतरीनबाई. मिस सुटली की निम्मं बंदर तिच्या पडवीत. ती भट्टीशेजारी बांगडे तळायला बसे, नवरा पिठाचे हात धुऊन फिडल काढी, कॉफीचं पातेलं फिरे, आणि मधोमध, पोत्यांच्या चळतीवर, आमच्या आत्याबाई. दुपारी घरी येत ते कतरीनपुराण घेऊनच. कतरीन बांगड्याला तिरफळ लावते. कतरीन कॉफीत जायफळ घालते. कतरीनच्या पोरी पाव खाताना चुरा सांडत नाहीत. मी ताटात आदल्या दिवशी रांधलेलं आंबट कालवण आणि गार भाकरी वाढत हे सगळं ऐके, आणि त्यांच्या पदराला तळणाचा वास येई. परक्या अत्तराच्या वासाने एखाद्या बाईचं काय होत असेल ते मला बांगड्यांच्या वासाने कळलं. कतरीनबाईला मी तोवर पाहिलंही नव्हतं, पण मनातल्या मनात मी तिला इतकं पाण्यात पाहत होते की तिला पडसं कसं होत नाही याचंच मला नवल वाटे. एकदा मी आमटीत मुठीने तिरफळ घातलं. आत्याबाईंनी पहिल्या घासाला ताट सारलं आणि ही टरफलं कोणी घातली म्हणून विचारलं.

गार भाकरीचं कारण असं, की आमच्यात रविवारी चूल पेटवायची नाही. विसाव्याचा दिवस तो. शनिवारी संध्याकाळी रांधून ठेवायचं आणि रविवारी तेच खायचं. रोमन लोकांना असा नेम नाही. माझ्या डोक्यात हळूहळू असं भरलं, की आत्याबाई कतरीनकडे जातात त्या कतरीनसाठी नाही, गरम खाण्यासाठी जातात. गरम आपल्याकडे मिळालं तर कशाला जातील? पाऊस सरून बांगड्याचे दिवस आले तेव्हा एका रविवारी मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. आमचं घर मिशनच्या देवळाला लागूनच. पाळकसाहेब उपदेशाच्या शेवटाकडे आले असतील असा अंदाज बांधून चूल पेटवली आणि तवा ठेवला. वारा समुद्राकडून होता. मंडळी उंडीखाली आली आणि बांगड्याचा वास मंडळीत गेला. खिडकीतून मला दिसत होतं, सगळ्यांच्या माना एकदम आमच्या घराकडे वळल्या. पाळकीणबाईंचा सलाम तोंडातच राहिला. यजमान खाली बघत होते. आणि फाटकाबाहेर पडलेल्या आत्याबाई थबकल्या, वळल्या आणि तरातरा घराकडे येऊ लागल्या. खोटं कशाला सांगू, आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या सरळ चुलीपाशी आल्या आणि पाण्याची कळशी उचलून विस्तवावर ओतली. घरभर धूर झाला. मी रडत रडत म्हटलं, "तिथे खाता ते चालतं, आणि माझ्या हातचं चालत नाही?"

"त्यांना नेम नाही, म्हणून मी तिथे खाते," आत्याबाई म्हणाल्या. "तुला आहे. तू पंचाची बायको, या घरची सून. तुझ्या हातचं मी नेम मोडून खाऊ काय गो?"

त्या दिवशी त्या खाली गेल्या नाहीत. संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत मला बोलत राहिल्या. बांगड्यावरून सुरुवात झाली ती माझ्या पदरापर्यंत, दार आपटण्यापर्यंत, मीठ टाकण्याच्या पद्धतीपर्यंत आणि बोर्डिंगात मुलींना काय शिकवतात इथपर्यंत गेली. यजमानांना मंडळीपुढे माफी मागावी लागली. बांगडे मांजराने खाल्ले.

त्यानंतर एका रविवारी मला राहवलं नाही. मी अंतर ठेवून त्यांच्या मागे गेले आणि पाववाल्याच्या कुडाशी उभी राहिले. पलीकडे फिडल वाजत होतं आणि कोणीतरी आमच्या गायनपुस्तकातलं गीत म्हणत होतं. आवाज जाडसर, पण सुरेल, आणि शब्द लांबवताना असा गहिवरलेला की माझ्या अंगावर काटा आला. मी कुडातून पाहिलं. आत्याबाई गात होत्या. आमच्या देवळात गीत सुरू झालं की त्या ओठ घट्ट मिटून उभ्या राहत. गळा बसलाय असं सांगत. मी घरात आल्यापासून तो बसलेलाच होता. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण इथे जिथे पिकत होतं तिथे आम्हांला त्याचा पत्तासुद्धा नव्हता. मी धावत घरी आले आणि पोटभर रडले. यजमानांना विचारलं, तर ते म्हणाले, आपण पाळण्यात असताना आत्या गात असे म्हणतात, आपल्याला काही आठवत नाही. मला त्यांचीही दया आली, पण माझी अधिक आली.

आत्याबाई गेल्या त्या चार दिवसांच्या तापाने. कोणाला परीक्षा घेऊ दिली नाही. मातीच्या दिवशी आमच्या स्मशानभूमीच्या फाटकाबाहेर एक ठेंगणी बाई उभी होती. त्यांच्या पाद्र्याला आमच्या प्रार्थनेत त्यांचं माणूस आलेलं खपत नसे. ती आत आली नाही, सगळं आटपेपर्यंत हलली नाही. मी ओळखलं आणि तोंड फिरवलं.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर उंडीखाली आम्ही उभे राहिलो, आणि ती ठेंगणी बाई आपली मिस बुडवून फाटकातून आत आली. साऱ्या मंडळीच्या देखत येऊन माझ्या डाव्या हाताला उभी राहिली. पाळकीणबाई आमच्या पुढ्यात आल्या, काय विचारावं ते न सुचून पुढे गेल्या. कतरीनबाईने हळूच मला विचारलं, आत्याबाई घरी कशा असायच्या. माझ्या मनात होतं ते सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, "रागवायच्या. उठल्यापासून निजेपर्यंत रागवायच्या. गाणं तुमच्याकडे, हसणं तुमच्याकडे. मला तेवढं बोलणं खायला ठेवलं होतं."

तिला वाईट वाटेल अशी माझी समजूत. तिचे डोळे भरून आले, पण ते माझ्यासाठी नव्हते.

"आमाला कधीच नाय हो रागावली," ती म्हणाली. "इतकी वर्सं आली, एकदा पण नाय. मी मुद्दाम कॉफीत साखर नाय घातली एका रविवारी. गपचूप प्याली, बरी झाली म्हणाली. घरची असते तर बोलली नसती मला? पावणी म्हणून आली नि पावणीच रायली."

माझ्या आयुष्यात माझा हेवा करणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

आता आत्याबाई जाऊन बरेच पावसाळे झाले. दर रविवारी उपासना सुटली की मी खाली मोरीपर्यंत जाते, ती मिस सुटली की तिथे येते. देवळाबद्दल आम्ही बोलत नाही. तिला आत्याबाईंचं रागावणं ऐकायचं असतं आणि मला त्यांचं गाणं. मी कमरेवर हात ठेवून तिला दार आपटल्याबद्दल बोलते, ती डोळे मिटून ऐकते. मग ती माझ्यासाठी गुणगुणते. तिचा गळा बेताचा आहे, मला तसं रागावता येत नाही. थोड्या वेळाने आम्ही उठतो आणि आपापल्या वाटेला लागतो. तिच्या मनातलं मी काय सांगणार, पण चढ चढताना मला दर वेळी वाटतं, हिलाच जास्त मिळालं.