पाडव्याला बसवलेली डिस्क

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दंगे पाहिले, पण एका दुकानातल्या यंत्राच्या आवाजाला मी जेवढा भ्यालो, तेवढा कशालाच नाही.

पोहरादेवीची रामनवमीची यात्रा होती आणि बंदोबस्त माझ्याकडे होता. भर दुपारी मेडशीकडचं एक शेतकरी जोडपं चौकीत आलं. त्यांची पाच वर्षांची मुलगी गर्दीत हातातून सुटली होती. बाप माहिती देत होता, आई नुसती दाराकडे बघत होती. मूल अल्पवयीन, म्हणून अपहरणाचा गुन्हा नोंदवला, भोंग्यावरून पुकारा केला, नाकाबंदी लावली. आजूबाजूच्या विहिरींवरही माणसं पाठवली. हे काम आईच्या कानावर न जाऊ देता करावं लागतं.

खबर दिली ती रसवंतीवाल्यानं. "लाल फ्रॉकवाली ना? त्या प्रसादाच्या दुकानासमोरून गेली साहेब, एका बाईच्या मांगंमांगं. बाई कोन होती, मले नाही मालूम."

त्या दुकानाला कॅमेरा होता. पण मालकानं रेकॉर्डिंगचं यंत्र बंद कपाटात ठेवलेलं, आणि कपाटावर देवापुढे चैत्र नवरात्राचा अखंड दिवा. आतली हार्ड डिस्क तापून कटकट वाजत होती आणि पडद्यावर काहीच येत नव्हतं. पंचनामा करून ती ताब्यात घेतली.

वाशीमहून सायबर शाखेची महिला शिपाई सामान घेऊन आली. डिस्क क्षणभर चालू करून कानाशी धरत तिनं तोंड वाकडं केलं. "सर, ही जायच्या मार्गावर आहे. सरळ लावून दुपारचं चित्रण शोधायला गेलो, तर शोधता शोधताच बंद पडेल. प्रयोगशाळेत पाठवली तर सुरक्षित, पण अहवालाला महिने लागतील. तिसरा उपाय म्हणजे सगळ्याची जशीच्या तशी प्रत काढायची, खराब जागा आल्या की सोडून पुढं जायचं. पण त्याला उद्या उजाडेल."

फोनवर वरिष्ठ म्हणत होते, "लावा आणि बघा, वेळ कशाला घालवता?" बाहेर आई बसलेली. उद्यापर्यंत पोरगी कुठं पोचेल, हा विचार डोक्यातून जात नव्हता. तरी मी प्रत काढायचंच ठरवलं. एकदा मेलेली डिस्क कुणाच्या हुकमानं उठत नाही.

कुठून सुरुवात करायची, हे ठरवायला डिस्क कधी बसवली ते तिला हवं होतं. हवालदार दुकानदारावर खेकसत होता. दुकानदाराचं एकच पालुपद, "दोन वर्सं झाले साहेब." बोलताना त्याची नजर जमिनीला आणि ओठ कोरडे. चोराचा चेहरा वेगळा असतो, हा नुसता घाबरलेला माणूस होता. मी हवालदाराला बाहेर काढलं, चहा मागवला.

"शेटजी, एका पोरीचा जीव आहे. तुमच्यावर काही येणार नाही. खरं सांगा."

त्यानं चहाला हात लावला नाही. "पाडव्याले बसवली साहेब, मुहूर्तावर. सस्त्यात जुनी भेटली. मांगच्या सालीबी ठाण्याची नोटीस होती कॅमेऱ्याची, तवा म्या लावलाच नव्हता. आता खरं सांगतलं तर तुमी आत टाकसान, म्हून दोन वर्सं म्हटलं."

शिपाई बाई खुर्चीतून उठलीच. बसवताना डिस्क कोरी केली जाते आणि यंत्र पहिल्या टोकापासून लिहीत जातं. पाडवा ते रामनवमी, म्हणजे जेमतेम नऊ दिवस; लिहिलेला भाग थोडासाच, पुढं सगळं कोरं. दोन वर्षं असती, तर डिस्क भरून तिच्यावर पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं असतं. जिथं लिहिणं थांबलं तिथून उलट मागं यायचं, की आजची दुपार आधी हाती लागणार.

प्रत सुरू झाली. मधेच डिस्क अडखळे, गप्प होई. मग पुन्हा कटकट सुरू होई. मी आयुष्यात देवाला नवस बोललो नव्हतो, त्या दिवशी बोललो. हवा होता तेवढा भाग उतरला आणि राहिलेल्या जागा वाचायला गेल्यावर डिस्क कायमची थंड पडली.

चित्रात पोरगी एका हिरव्या लुगड्यामागे चालली होती. तिच्या आईचं लुगडंही हिरवंच होतं. ती बाई एकदाही मागं न बघता यात्रेकरूंच्या टेम्पोत चढली, पाठोपाठ कुणीतरी पोरीलाही उचलून वर घेतलं. टेम्पोचा नंबर दिसत होता.

नाकाबंदीआधीच निघून वाटेत जेवायला थांबलेला टेम्पो दिग्रसच्या रस्त्यावर अडवला. पोरगी गर्दीत गुपचूप बसलेली. पळवलेली नव्हतीच. टेम्पोतल्या प्रत्येक कुटुंबाला वाटलं, ही दुसऱ्यांची असेल. दिवेलागणीला चौकीत आणली, तेव्हा आईनं आधी तिला एक चापट मारली आणि मग अशी कवटाळली की सोडवेना.

मी पोरीला विचारलं, "एवढी माणसं होती, नाव काहून नाही सांगितलं?"

"मले कोनी इचारलंच नाही."

पोलिसाला धाक लागतो, हे मी नाकारत नाही. पण त्या दिवशी धाकानं मिळालं ते खोटं, आणि त्यात जेवढा वेळ गेला, तेवढी ती पोरगी आणखी लांब जात होती. पुढच्या सगळ्या नोकरीत घाबरलेला माणूस समोर आला, की मी आधी त्याला बसायला खुर्ची दिली.